मावळचं पोट : पाणी, दाणा आणि वेळ

आजचा विषय चारचौघांत बोलायचा नाही असं आपण मानतो. गुडघा दुखतो हे आपण एसटीत शेजारच्याला सांगतो, पण पोट साफ होत नाही हे घरातसुद्धा दबक्या आवाजात सांगतो. त्यामुळे होतं काय, की पोटाचं दुखणं ज्याचं त्याचं ठरतं. 'बाहेरचं खाल्लं असशील', 'जागरण केलं असशील', असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला आज एवढंच मांडायचं आहे, की या कामशेतच्या पंचक्रोशीत माणसांची पोटं कशानं बिघडली याचा इतिहास पाहिला, तर त्यात एकट्या माणसाची चूक फार थोडी दिसते. पाणी कुठून आलं, दाणा कसा सडला आणि कामाची वेळ कुणी ठरवली, हेच जास्त दिसतं.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्याजवळच बेडसे लेणी आहेत. चैत्यगृहाचे खांब बघायला सगळे जातात, पण तिथल्या पाण्याच्या टाक्याजवळ फारसं कुणी थांबत नाही. त्या टाक्याजवळ ब्राह्मी लिपीत लेख आहे. महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिनं ते टाकं दान दिल्याची ती नोंद. भाजे लेण्यातही महारठी विण्हुदत्ताच्या 'पोढी'चा, म्हणजे टाक्याचाच, लेख आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथली मातब्बर माणसं पाण्यासाठी पैसे मोजत होती आणि त्यावर नाव कोरून घेत होती. कातळात खोदलेल्या टाक्यात पावसाचं पाणी साठतं, उंचावर असल्यानं गावाची घाण त्यात येत नाही. ज्या मुलखात पावसाळ्यात छपराखाली उभं राहवत नाही आणि चैत्र-वैशाखात हंड्यासाठी वणवण होते, तिथं ही मोठी सोय होती.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण पोटाच्या दृष्टीनं मोठी उलथापालथ तेव्हा झाली. १८१७ साली बंगालात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उठली आणि १८१८ मध्ये दख्खनपर्यंत पोहोचली. सैन्याच्या छावण्या, व्यापारी, यात्रेकरू यांच्याबरोबर ती चालत आली. पुढे रेल्वे आली. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आपलं कामशेत याच मार्गावर. मधला भोर घाट मात्र १८६३ मध्ये पुरा झाला. त्या घाटाच्या कामावर ऐन भरात ४० हजारांच्या घरात मजूर होते. एवढी माणसं डोंगराच्या कुशीत, झोपड्यांत, एकाच झऱ्यावर पाणी पिणारी आणि त्याच उतारावर शौचाला बसणारी. पटकीनं तिथं माणसं कशी नेली असतील याची कल्पना करा. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेलसुद्धा १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. काम पुढे त्याची बायको अ‍ॅलिस हिनं तडीस नेलं.

त्याच सुमारास, १८५४ मध्ये, लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोनं पटकी पाण्यातून पसरते हे एका हातपंपाच्या आसपासचे मृत्यू मोजून दाखवलं होतं. रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्यात तिचा जंतू पक्का केला. आपल्याकडे मात्र गावाच्या वेशीवर मरीआईला नैवेद्य चालू होता. आम्ही याला हसत नाही. पटकी बाहेरून, वेशीवरून येते, ही लोकांची समजूत तशी खरीच होती. ती येणाऱ्या माणसाच्या पोटातून पाण्यात उतरते, एवढा दुवा त्यांच्या हाती नव्हता. पुढे पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

आणि इलाज? १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचं पाणी पाजून पटकीचे रोगी वाचवले. आतडं साखरेबरोबर मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, हे त्यामागचं तत्त्व. तांदळातल्या पिठानंही तेच साधतं, हे नंतर सिद्ध झालं. आपल्या मावळातली मीठ घातलेली भाताची पेज त्याच वाटेवरची. हगवण लागली की 'पोटाला आराम' म्हणून पोराचं पाणी तोडायचं, ही चाल मात्र आजही घात करते.

आता दाण्याकडे येऊ. मावळ म्हणजे भात. पण डोंगरउतारावर नाचणी आणि वरई होती आणि गरिबाच्या ताटात तीच जास्त असायची. भात उखळात मुसळानं सडला जायचा, त्यामुळे कोंडा थोडा तरी दाण्यावर राहायचा. पुढे गिरणी आली, तांदूळ पांढरा शुभ्र झाला, बायकांच्या खांद्यांना आराम मिळाला. तो आराम मिळायलाच हवा होता. मात्र कोंड्याबरोबर चोथाही गेला. आतड्यातले उपयोगी जंतू या चोथ्यावरच जगतात आणि शौचाला भर येते तीही त्यानंच.

कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर होते. १९२० च्या दशकात त्यांनी उंदरांचे गट करून हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या प्रांतांचा आहार त्यांना घातला. शिखांच्या गहू-दूध-भाजीवरचे उंदीर सगळ्यांत धडधाकट निघाले, पॉलिश केलेल्या तांदळावरचे सगळ्यांत किरकोळ. मराठी आहाराचा नंबर तिसरा लागला! निकस अन्नानं आतड्याचं अस्तर कसं खराब होतं, हेही त्यांनी दाखवलं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ आला, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. फक्त तो थोडा कमी पॉलिशचा घ्या आणि आठवड्यातून चार वेळा नाचणी परत ताटात येऊ द्या.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं. त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया एक्स-रे लावून, दाब मोजून तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब खाली जातो हे त्यांनी नोंदवलं. पोटाचा विषय लाजेचा नाही, मोजण्याचा आहे, हे आपल्याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथं बायकांचं आधी बोलू. घरात संडास नव्हता तेव्हा अंधार पडेपर्यंत थांबायचं. थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं, जेवण कमी घ्यायचं. वर्षानुवर्षं कळ दाबली की आतड्याची हाक मंदावते. मग सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी सवय लागते. ते काम तंबाखूतलं निकोटिन करतं, आणि त्याची किंमत तोंड आणि जठर मोजतं. याला 'बाईची वाईट खोड' म्हणणं सोपं आहे. ती खोड आडोसा नसण्यातून वाढली, हे ध्यानात ठेवा.

आज तळेगाव-चाकणला जाणाऱ्या पोरांचं तेच झालं आहे. एक आठवडा दिवसपाळी, दुसरा रात्रपाळी. पोटाचंही घड्याळ असतं. पहाटे तीनला वडापाव आणि चहा गेला तर ते पचवायला जठर तयार नसतं. वर अंगदुखीची गोळी उपाशीपोटी. मग 'पित्त झालं'. पण सगळं पित्त तिखटाचं नसतं. जठरातल्या व्रणामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच शरीरात येतो, दाटीवाटीच्या घरातून आणि अस्वच्छ पाण्यातून. म्हणजे फिरून आपण पाण्याशीच आलो.

आणि हे जुनं झालेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, नांदेड-किरकटवाडी भागात, जीबीएसची साथ आली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. सुरुवात बऱ्याच जणांची जुलाबानं झाली होती आणि शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले. पुण्याच्या वेशीवर, झपाट्यानं वाढलेल्या गावांत हे घडलं. आपणही झपाट्यानं वाढतो आहोत. बंगले झाले, सोसायट्या झाल्या, त्यांचं सांडपाणी उतारानं ओढ्यात आणि ओढा इंद्रायणीत. आळंदीला नदीवर फेस दिसला की आपण हळहळतो. पण लोणावळ्याकडून येणारी ही नदी आळंदीच्या आधी आपल्या दारावरून जाते.

तेव्हा घरी काय करायचं ते करा. पावसाळ्यात पाणी उकळा, चोथा वाढवा, शौचातून रक्त पडलं किंवा वजन आपोआप उतरलं तर चूर्णावर दिवस न काढता डॉक्टर गाठा. पण तेवढ्यावर थांबू नका. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. पाण्यात टीसीएल रोज पडतं का? पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल काय सांगतो? नव्या सोसायटीचं सांडपाणी कुठं जातं? उत्तर तोंडी घेऊ नका, अहवाल मोठ्यानं वाचून घ्या आणि फलकावर लावा. सामडिनिकेनं टाकं दिलं आणि तसं दगडावर लिहून ठेवलं. आपल्याला निदान कागद तरी मागता आला पाहिजे.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ. लाजू नका, पोटाचेच विचारा.