सक्रियण ऊर्जेची कुळकथा

नवी मुंबईतील द्रोणागिरीच्या परिसरात, न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरालगत पसरलेल्या कंटेनर यार्डांत, रीफर कंटेनर, म्हणजे आतील तापमान ठरावीक अंशावर राखणारे कंटेनर, विजेच्या प्लगला जोडून ठेवलेले असतात. त्यांत थंड हवा तळाच्या खाचांतून वर सोडली जाते आणि नाशिकची द्राक्षे युरोपला पोहोचेपर्यंत 0 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतात. थंडीत फळ टिकते, कारण त्याचे श्वसन, म्हणजे पेशींतील साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने खर्ची पडण्याची क्रिया, मंदावते. हे व्यवहाराला जुन्या काळापासून ठाऊक होते. ते इतके का मंदावते, याचा उलगडा मात्र उसाच्या साखरेने केला.

आम्ल मिसळलेल्या पाण्यात या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात आणि एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश त्या द्रावणातून जाताना आधी उजवीकडे वळत असे, तो हळूहळू डावीकडे वळू लागतो. हे वळण मोजून जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी याने 1850 मध्ये अभिक्रियेचा वेग आकड्यांत मांडला; पण तीसेक वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. डच रसायनज्ञ व्हान्ट हॉफ याने 1884 मध्ये वेग आणि तापमान यांना जोडणारे समीकरण दिले, आणि 1889 मध्ये स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसने, पुन्हा साखरेच्याच विघटनावर लिहिताना, त्या समीकरणाला अर्थ दिला. त्याच्या मते साखरेचे सगळे रेणू अभिक्रियेला तयार नसतात. पुरेशी ऊर्जा मिळून सक्रिय झालेले थोडेच तयार असतात, आणि त्यासाठी लागणारी किमान ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. समीकरण आज एकट्या अऱ्हेनियसच्या नावाने ओळखले जाते, हा व्हान्ट हॉफवर थोडा अन्यायच आहे.

तापमान वाढले की टकरा वाढतात, म्हणून वेग वाढतो, हे शाळकरी उत्तर अपुरे आहे. वायूचे तापमान 25 वरून 35 अंशांवर नेले, तर रेणूंची सरासरी गती दोन टक्क्यांनीही वाढत नाही, तरी अनेक अभिक्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. रेणूंच्या ऊर्जा सारख्या नसतात, हे मॅक्सवेल व बोल्ट्झमन यांनी आधीच दाखवले होते, आणि खरा फरक पडतो तो सर्वाधिक ऊर्जेच्या मूठभर रेणूंत. सक्रियण ऊर्जा मोलमागे 50 किलोज्यूल धरली, तर अऱ्हेनियसच्या घातांकी पदानुसार ती ओलांडणारे रेणू दहा अब्जांत सुमारे 17 असतात, ते दहा अंशांच्या वाढीने 33 होतात.

हे प्रमाण थंडीने घटते, शून्यावर मात्र येत नाही. उणे 18 अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते, पण मासळीतील चरबीचे ऑक्सिडीभवन संथपणे चालूच राहते. म्हणून गोठवलेल्या मासळीच्या खोक्यावरही वापराची मुदत छापलेली असते.