पाचपावली ते दीक्षाभूमी : एका गाण्याचा पाठलाग

तुम्ही १९१८च्या नागपुरात आहात. एम्प्रेस मिलचा भोंगा झालाय, पाळी सुटलीय. डोक्यावर कापसाची भुकटी घेऊन माणसं घराकडे निघालीत. त्यांच्या मागोमाग पाचपावलीत शिरा आणि किसन फागुजी बनसोडे कुठे भेटतील ते विचारा. मोहप्याच्या या माणसाने १९०७ सालीच इथे मुलींसाठी शाळा काढली. मग ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ ही पत्रं चालवली. आता ‘मजूर पत्रिका’ निघतेय.

अंक हातात घेतलात की अडचण लगेच ध्यानात येते. ज्यांच्यासाठी हे छापलं, त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यांना शाळेचा उंबरठा बंद. पण हीच माणसं रात्री भजनाला बसली की चोखोबांचे अभंग घडाघडा म्हणतात. बनसोडे संपादक आहेत तसेच कवीही आहेत, ते उगाच नाही. अग्रलेख एक जण वाचणार आणि चार जण ऐकणार. गाणं मात्र ऐकणारा घरी घेऊन जाणार.

आता चोवीस वर्षं ओलांडा. जुलै १९४२, मोहन पार्क. १८ ते २० जुलै अशी दलित वर्गांची तीन दिवसांची परिषद भरलीय आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झालीय. शेवटच्या दिवशी बायांची वेगळी परिषद. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव ऐका : घटस्फोटाचा हक्क हवा, गिरणीत राबणाऱ्या बायांना भरपगारी रजा हवी. टाळ्या पडतात. पण हे ठराव गल्लीबोळांत कोण पोचवणार?

त्यासाठी रात्री वस्तीत या. मधल्या मोकळ्या जागेत गॅसबत्ती लावलीय. ढोलकी तापवून झालीय, तुणतुणं लागलंय. जलशाचा साज तमाशाचाच, पण आतला माल बदललेला. सत्यशोधकांनी पाडलेली ही वाट. गणात गणपती नाही, गवळणीत कृष्ण नाही. बतावणीत सावकार आहे, भटजी आहे, दारू पिऊन मजुरी उडवणारा नवरा आहे आणि त्याला सरळ करणारी बायको आहे. पोट धरून हसता हसता लोक स्वतःलाच ओळखतात.

शाहिराचं कसब जवळून पाहा. चाल तो बहुतेकदा उसनी घेतो, सिनेमातली नाहीतर भजनातली. कारण ती सगळ्यांच्या कानात आधीच मुरलेली असते. शिकायचे असतात फक्त शब्द. धृपद आखूड ठेवतो. पहिल्यांदा एकटा म्हणतो, दुसऱ्यांदा झीलकरी उचलतात, तिसऱ्यांदा तो मुद्दाम थांबतो. ती मोकळी जागा लोकांनी भरायची असते. तुम्ही संकोचून कडेला उभे असता, तेवढ्यात एक म्हातारी पदर सावरत सरकून जागा देते : “उभे काऊन बाप्पा? बसा नं. अन् नुसते आयकू नका, म्हना संग.”

तिकडे मुंबईत याच सुमारास वामनदादा कर्डक गाणी लिहू लागलेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वाचता आलं नाही, ते मनाला इतकं लागलं की मोठेपणी अक्षर गिरवलं. गावोगाव पायपीट करत गाणी नेणारा हा महाकवी श्रोत्यांमधूनच उठलेला.

आता पुन्हा नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमी. रस्ते पांढऱ्या लुगड्यांनी आणि सदऱ्यांनी भरलेत. कुणी भाड्यासाठी डोरलं विकलंय, कुणी भाकरी बांधून पायी आलंय. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर, आजच्या दीक्षाभूमीवर, लाखो माणसं. महास्थविर चंद्रमणी बाबासाहेब आंबेडकरांना बौद्ध धम्माचं त्रिशरण-पंचशील देतात; मग बाबासाहेब लोकांकडे वळून बावीस प्रतिज्ञा देतात. ते एक वाक्य म्हणतात, मैदान ते परत म्हणतं. या लोकांना पाठोपाठ म्हणायची सवय भजनाने लावली होती, जलशाने लावली होती. आज ते स्वतःचं आयुष्य बदलणारी वाक्यं म्हणताहेत.

दुसऱ्या दिवशी नवाच पेच. जुने देव सोडले, मग लग्नात काय गायचं? जात्यावर कुणाचं नाव घ्यायचं? उत्तर बायांनीच दिलं. ओवी तीच ठेवली, तिच्यात भीम आला, रमाई आली, बुद्ध आला.

एवढं बघून परत येताना एक गोष्ट पक्की समजते. नुसत्या गाण्याने समाज बदलत नाही. इथे गाण्यामागे शाळा होती, छापखाना होता, फेडरेशन होतं, समता सैनिक दल होतं. ते नसतं तर जलसा करमणूक म्हणून संपला असता. आणि गाणं नसतं तर ते सगळं शिकलेल्या चार माणसांपुरतं उरलं असतं.

आजही विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. मोठ्या शाहिरांची नावं तिथे मिळतात. वस्तीवस्तीत गाणी रचणाऱ्या शेकडो जणांची, त्यातही बायांची, मिळत नाहीत. तुमच्या घरात कुणी आजी असेल तर यंदा तिच्याजवळ बसा. तिला येणारी गाणी लिहून घ्या. आणि प्रत्येक गाण्याखाली, ते कुणी रचलं हे विचारून, नाव लिहा.