चालकांतील निद्राविकार

वाहन चालवताना अनावर झोप आणणारे विकार. जागरण, मद्य किंवा गुंगी आणणारी औषधे यांमुळे लागणारी डुलकी या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे. रात्री सात-आठ तास अंथरुणात काढूनही जो चालक सिग्नलला थांबल्या थांबल्या पेंगतो, त्याच्या झोपेला आळस किंवा हयगय म्हणणे चूक आहे; ते रोगलक्षण असते. या गटात सर्वांत महत्त्वाचा आणि उपचारांनी उत्तम आटोक्यात येणारा विकार म्हणजे अवरोधी निद्राश्वासरोध, म्हणजेच ‘स्लीप ॲप्निया’. पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

विकाराचे स्वरूप : झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जिभेचा मागचा भाग व मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो. त्यातून हवा थरथरत जाते ते घोरणे. मार्ग पुरता मिटला की छाती-पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. हा खंड किमान १० सेकंदांचा असल्यास त्याला श्वासरोध म्हणतात. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. सकाळी रुग्णाला यांतले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला: लयीत चाललेले घोरणे एकाएकी थांबते, खोली शांत होते, ऐकणारी पत्नी उठून बसते, त्याला हलवावे का असा विचार करते आणि तेवढ्यात गुदमरल्यासारखा आवाज करून तो हिसक्याने श्वास घेतो. दर तासाला असे पूर्ण वा अंशतः अवरोध १५ ते ३० असल्यास विकार मध्यम, ३० किंवा अधिक असल्यास तीव्र मानतात. तीव्र विकाराचा रुग्ण आठ तास झोपला तरी त्याची झोप दोनशे चाळीस वेळा किंवा त्याहून अधिक वेळा मोडलेली असते.

ही तूट दिवसा सूक्ष्मनिद्रेच्या रूपाने भरून निघू पाहते. सूक्ष्मनिद्रा काही सेकंदांची असते आणि त्या वेळी डोळे उघडेही असू शकतात. ताशी ८० किमी. वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मी. जाते, म्हणजे चार सेकंदांच्या झापडीत ते जवळजवळ ९० मी. चालकाविना धावते. अशा अपघातस्थळी ब्रेकच्या खुणा बहुधा दिसत नाहीत. पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळा निरोगी माणसालाही जड जातात. रुग्णाला त्या विशेष घातक ठरतात.

इतिहास : चार्ल्स डिकन्सच्या पिकविक पेपर्स  (१८३६–३७) या कादंबरीतील सदैव पेंगणाऱ्या स्थूल मुलावरून सी. एस. बरवेल व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये स्थूलता व मंदश्वसन यांच्या विकाराला ‘पिकविकी’ हे नाव दिले. झोपेतील श्वासरोधांची नोंद फ्रान्समध्ये गास्तो व जर्मनीत युंग यांच्या गटांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे केली.

अपघातांशी संबंध : रक्तातील मद्य मोजता येते, झोप अपघाताबरोबरच उडून जाते, त्यामुळे डुलकीने झालेल्या अपघातांची नेमकी गणना कठीण आहे. स्पेनमधील बुर्गोस व सांतांदेर येथे अपघातग्रस्त १०२ चालकांची तुलना १५२ इतर रुग्णांशी करण्यात आली (१९९९). तासाला १० किंवा अधिक अवरोध असणाऱ्यांत अपघाताची शक्यता सुमारे सहापट आढळली. न्यूयॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ रोजी एक उपनगरी रेल्वेगाडी ताशी ४८ किमी. मर्यादेच्या वळणावर सुमारे १३२ किमी. वेगाने शिरून घसरली व चार जण मृत्युमुखी पडले. मोटरमनला तीव्र निद्राश्वासरोध असल्याचे निदान अपघातानंतरच्या तपासणीत झाले.

भारत : झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची पाहणी केली (२००४). त्यात दिवसाच्या झोपेसह निद्राश्वासरोध ७.५ टक्के पुरुषांत आढळला. रोग फक्त लठ्ठ माणसांचा हा समज खरा नाही. खालचा जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो.

निदान : मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली एपवर्थ निद्रालुता श्रेणी आठ प्रश्नांची व २४ गुणांची आहे, १० हून अधिक गुण चिंताजनक. तिचा शेवटचा प्रश्न रहदारीत काही मिनिटे थांबलेल्या मोटारीत डुलकी लागते का, असा आहे. चालकाला रोजगार जाण्याची भीती असते, म्हणून तो कमी गुण सांगतो. घरच्यांची साक्ष घेणे अगत्याचे. खात्रीचे निदान रात्रभराच्या निद्रापरीक्षणाने होते.

उपचार : कॉलिन सलिव्हन यांनी सिडनी येथे १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले सीपॅप यंत्र आजही मुख्य उपचार आहे. नाकावरील मास्कमधून सतत दाबाची हवा देऊन ते घसा उघडा ठेवते. नियमित वापराने अपघातांचा धोका लक्षणीय घटतो. मात्र एखादी रात्र चुकली तरी दिवसाची झोप परतू शकते. गाडीतच मुक्काम करणाऱ्या ट्रकचालकाला योग्य जोडणीद्वारे हे यंत्र बॅटरीवर चालवता येते. वजन घटवणे, दारू टाळणे व कुशीवर झोपणे यांची जोड द्यावी. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे या चालकांच्या नेहमीच्या उपायांचा परिणाम थोडा व तात्पुरता असतो, असे जिम हॉर्न व लुईझ रेनर यांनी इंग्लंडमध्ये दाखवले. झापड आल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी घ्यावी व पंधरा मिनिटे झोपावे. हा रोगावरचा इलाज नव्हे.

इतर विकार : नार्कोलेप्सी (झेलिनो, १८८०) या विरळ विकारात मेंदूतील ओरेक्सिन हे जाग टिकवणारे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, मोडाफिनिल हे जागे ठेवणारे औषध उपयोगी पडते. पाळीच्या कामामुळे होणारा निद्राविकार रात्रपाळीच्या चालकांत आढळतो.

कायदा : युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार दिवसाच्या झोपेसह मध्यम वा तीव्र निद्राश्वासरोध असल्यास उपचाराखेरीज परवाना मिळत नाही, अवजड वाहनांच्या चालकांची फेरतपासणी वर्षाच्या आत करावी लागते. अमेरिकेत ट्रक व रेल्वे चालकांच्या चाचणीसंबंधी २०१६ मध्ये सुरू झालेली नियमप्रक्रिया २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. भारतात परवान्यासाठीच्या नमुना १ मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे व घेरी यांविषयी विचारणा आहे. घोरणे वा दिवसाची झोप यांविषयी प्रश्न नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुना १-अ वर सही करणाऱ्या डॉक्टरने हे दोन प्रश्न स्वतः होऊन विचारावेत.