साकोलीचे पळशीकर आणि रेषेवरील खटला

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भंडारा जिल्ह्यांत, साकोली हें गांव लागतें. १९१७ सालीं तेथें जन्मलेले शंकर बळवंत पळशीकर पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे अधिष्ठाता झाले. पण अधिकारपदापेक्षां त्यांची आठवण राहिली ती शिक्षक म्हणून. १९४७ पासून ते तेथें शिकवीत होते.

त्या शाळेंत मनुष्याकृति शिकावयाची म्हणजे मुख्यतः छायाप्रकाश शिकावयाचा. प्लॅस्टरचा पुतळा समोर ठेवून त्याची गोलाई कागदावर उतरेपर्यंत पेन्सिल घासावयाची. आमच्या जुन्या लघुचित्रांत ही गोलाई नाहीं. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच रेषा उतरते आणि तिच्याच वळणांत लज्जा, ताठा, आर्जव हें सर्व सांगून होतें. युरोपांत मातीसही निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं पोंचला होता. पळशीकर पाश्चात्य पद्धतीच्या व्यक्तिचित्रणांत निष्णात, तरी त्यांची ओढ लघुचित्रांकडे होती.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं अकबर पदमसी १९५१ सालीं पॅरिसला गेले. परत येऊन १९५४ सालीं त्यांनीं जहांगीर कलादालनांत प्रदर्शन मांडलें. तेथील प्रेमी युगुलाच्या चित्रांवर पोलिसांनीं अश्लीलतेचा आक्षेप घेतला. जाड रेषांनीं बांधलेले दोन देह, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. चित्रें उतरविण्यास पदमसींनीं नकार दिला. खटला उभा राहिला, आणि ते निर्दोष सुटले.

येथें मला एका गोष्टीचें नवल वाटतें. सजीव नमुन्यावरून नग्नाकृतीचा अभ्यास कलाशाळेंत कित्येक वर्षें चालूच होता. मग सरकारला टोंचली ती ही ओबडधोबड रेषाच कां? माझ्या मतें त्याचें कारण असें. छटांनीं घडविलेला देह ही पाहण्याची वस्तु होते. पाहणारा तिचें कौशल्य वाखाणतो आणि पुढें जातो. रेषेंत कौशल्याचा तो पडदाच राहत नाहीं. उरतो केवळ एका माणसाचा दुसऱ्याला झालेला स्पर्श. "याला चित्र काढतां येत नाहीं" असें म्हणणारे रसिक आजही भेटतात. ज्याला चित्र काढतां येत नाहीं, त्याच्यावर खटला भरण्याची पाळी कशाला येईल?

पळशीकर १९८४ सालीं वारले. पदमसी तर २०२० पर्यंत जगले. मस्तकें आणि नग्नाकृति काढणें त्यांनीं सोडलें नाहीं.