एक प्रवास, एक वही

आजचा विषय तसा घरगुती आहे. घरातल्या आठवणी जपण्याचा छंद आपल्यापैकी अनेकांना असतो, आणि बहुतेकांचा तो मध्येच सुटतो. का सुटतो? कारण आपण ठरवतो, सगळ्या घराण्याचा इतिहास लिहायचा. मग महिन्याभरात दम लागतो. ध्येय केवढं ठेवावं, हे मला एका जुन्या पुस्तकानं शिकवलं.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, चांगली दक्षिणा मिळेल, असं कळलं, म्हणून १८५७ साली ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा हे भटजी शहरातच होते. पैसा काही फारसा हाती लागला नाही. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन आले.

ही हकीकत कागदावर यायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. तीही चिंतामणराव वैद्यांनी लिहायला सांगितलं म्हणून. आता बघा, गोडसे भटजींनी सगळ्या घराण्याची बखर लिहिली नाही. एकच प्रवास लिहिला. तेवढ्यानं 'माझा प्रवास' आजही वाचला जातो.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १९०७ साली वैद्यांनी पुस्तक छापलं, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, ती १९६६ साली. म्हणजे एकोणसाठ वर्षं वाचकांसमोर भटजींचे शब्द जसेच्या तसे नव्हतेच. वैद्य नसते तर पुस्तकच झालं नसतं, हेही खरं. पण मूळ प्रत जपली गेली, म्हणून चूक दुरुस्त करता आली.

यातून मी स्वतःपुरते तीन नियम केले. एका वेळी एकाच माणसाची एकच गोष्ट घ्यायची. स्वतःहून जाऊन विचारायचं, कारण न विचारता कुणी लिहून ठेवत नाही. आणि ऐकलेलं आधी जसंच्या तसं उतरवायचं; भाषा नीट करायची असेल तर ती दुसऱ्या वहीत.

हे शहाणपण मला उशिरा आलं. माझ्या आत्याच्या ट्रंकेत लग्नातला एक फोटो होता, त्यात अकरा बायका. 'दिवाळीला निवांत बसून नावं लिहू,' असं मीच म्हणालो. दिवाळीआधीच आत्या गेली. त्यातल्या चौघींची नावं मला ठाऊक आहेत. बाकीच्या सातजणी कोण, हे सांगणारं आता घरात कुणी नाही.

तेव्हा मोठा संकल्प नको. येत्या रविवारी एक फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवा, आणि मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. बायकांची माहेरची नावंही विचारा. त्या दिवसापुरतं ध्येय एवढंच.