एसएसबीत शेवटचं चित्र कोरं का असतं?

पडद्यावर एक धूसर चित्र येतं. ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी ११ चित्रं झाली की बारावं येतं, तेही कोरं. त्यावरही गोष्ट लिहायचीच!

ही सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, म्हणजे एसएसबीची ‘टीएटी’ चाचणी. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबीही ९०० गुणांचीच. त्यामुळे लेखीत भरघोस गुण मिळवूनही अनेकांचं खडकवासल्याचं स्वप्न इथेच अडतं.

चित्रांनंतर ६० शब्द येतात. प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, तेवढ्यात सुचेल ते वाक्य लिहायचं. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग: अशा वेळी तुम्ही काय कराल? शेवटी आई-वडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते लिहायचं. वेळ मुद्दामच कमी असतो, उत्तर सजवायला सवड मिळू नये म्हणून.

हे आलं कुठून?

टीएटी १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी तयार केली. कल्पना अशी, की अस्पष्ट चित्राची गोष्ट सांगताना माणूस नकळत स्वतःबद्दलच बोलतो. कोऱ्या चित्रात तर सगळंच त्याच्या मनातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४२ मध्ये अधिकारी निवडीची अशी मंडळं सुरू केली, १९४३ मध्ये ती पद्धत भारतात आली.

पाठ केलेली गोष्ट चालते का?

क्लासमध्ये तयार गोष्टी मिळतात. नायक शूर, शेवट गोड! पण मानसशास्त्रज्ञ एकच गोष्ट वाचून निकाल देत नाही, सगळ्या चाचण्या एकत्र ताडून बघतो. गोष्टीतला नायक गावाला पुरातून वाचवतो आणि प्रसंगांच्या उत्तरात तोच उमेदवार प्रत्येक वेळी ‘वरिष्ठांना कळवेन’ लिहितो, तर मेळ कुठे बसला?

अशा चाचण्या कितपत विश्वासार्ह, यावर मानसशास्त्रात जुना वाद आहे. एकाच गोष्टीचा अर्थ दोन तज्ज्ञ वेगळा लावू शकतात. म्हणूनच एसएसबी फक्त यावर विसंबत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरच्या गटचाचण्या घेणारा अधिकारी आपापलं मूल्यमापन स्वतंत्र करतात. तिघंही तेच १५ गुण शोधतात. तिथे याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. अंतिम निर्णय शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये होतो.

नाव आलं नाही, तर वयोमर्यादेत असेपर्यंत पुन्हा अर्ज करता येतो.