बांधीतला गारवा

उन्हासाठी बदनाम झालेल्या गावांत आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे नाव नेहमी वरच्या ओळीत असते. मे महिन्यात पारा 47 अंशांच्या घरात गेला की वर्तमानपत्रे आमची विचारपूस करतात. पण याच मुलखात, वैनगंगेच्या दोन्ही तीरांना, पाण्यात उभे राहणारे धान पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहे. या बांध्यांचा इतिहास आपण पाण्याचा म्हणून वाचतो. मला तो उन्हाचाही वाटतो.

जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या हीरशहा या गोंड राजाचा कौल होता, असे परंपरा सांगते. कौलाला हातही तसेच मिळाले. उतार डोळ्यांनी जोखून मातीची पाळ घालावी, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, पाणी सोडावे आणि ते एका बांधीतून दुसरीत उतरवीत न्यावे, ही कोहळी मंडळींची विद्या. पुढे तलाव मालगुजारांचे झाले. 1951 साली मालगुजारी गेली आणि तेच तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. (मामा झाला खरा, पण भाच्यांचे जाणे-येणे कमी झाले. गाळ काढायची पाळी कुणाची, हे कुणालाच नीट उमगेना.) 1982 साली जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळी झाली, तलावांचे दुखणे नदीच्या दोन्ही अंगांना एकच राहिले.

आता उन्हाचा हिशेब. कोरड्या जमिनीवर पडलेले ऊन माती तापवते आणि माती हवा तापवते. भरलेल्या बांधीत त्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले, तर एका एकरातून वीस हजार लिटर झाले. ही उष्णता कोळशाने द्यायची म्हटली, तर मध्यम प्रतीचा जवळजवळ तीन टन कोळसा लागेल! कोळशाच्या खाणींसाठी नावाजलेल्या जिल्ह्यात हे गणित मी मुलांना आवर्जून घालतो. रात्री खेळ उलटतो. दिवसभर साठवलेली ऊब पाणी हळूहळू सोडते, म्हणून पहाटे बांधीत पाय घातला तर पाणी हवेपेक्षा कोमट लागते. जपानच्या थंड उत्तरेत शेतकरी याच गुणासाठी, धान पोटरीत असताना, शेतातले पाणी मुद्दाम खोल करतात. त्यांना ऊब हवी, आम्हांला गारवा, नोकर एकच.

आमच्याकडे कसोटीची वेळ असते ती धान निसवताना. पाऊस परतलेला असतो, आश्विनाचे ऊन चढत असते. धानाचे फूल सकाळी तास-दीड तास उमलते आणि तेवढ्यात हवा 35 अंशांपुढे गेली तर पराग निकामी होऊन दाणा पोचट राहण्याची भीती असते. मुळांशी पाणी असेल तर रोप पानापानांतून ते उडवून आपली लोंबी थंड राखते. ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरिना भागात कोरड्या वाऱ्यात लोंब्या हवेपेक्षा सहा-सात अंशांनी थंड आढळल्या आहेत. आमचे आश्विनातले ऊन एरवी इतके कडक नसते. तहान मात्र कडक असते, आणि तहानलेल्या रोपाला हा गारवा परवडत नाही. तलावाचे शेवटचे पाणी नेमके या दिवसांसाठी. तलाव गाळाने भरला की आधी जाते ते हेच पाणी.

पण या गारव्याला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी आमच्या कथा-कवितांत फारसे येत नाही. उडालेले पाणी हवेतच राहते. 2020 साली गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखवले की सिंचनाने हवेचा पारा उतरतो, पण दमटपणा वाढून माणसाला होणारा उष्णतेचा त्रास वाढू शकतो. रोवणीची चित्रे आपण किती हौसेने काढतो! श्रावणात पाऊस उघडतो, ऊन पडते, वारा पडतो. पायांखाली कोमट चिखल, पाठीवर ऊन आणि अंगावरचा घाम वाळायचे नाव नाही. रोपाला जो गारवा, तो वाकलेल्या बाईला काहिली. म्हणून रोवणीच्या बाया भल्या पहाटे पऱ्हे उपटायला उतरतात, आणि दुपारच्या भाकरीला पाण्यापासून दूर, धुऱ्यावरच्या पळसाखाली, वारा लागेल अशा बाजूला बसतात.